निदानात माहितीची निवड: कोणता प्रश्न आधी विचारावा?



आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही रोगज्ञानाची त्रिविध साधने चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितली आहेत, हे आपणां सर्वांस ज्ञात आहेच. परंतु व्यवहारात रुग्णासमोर बसल्यावर सर्वच माहिती गोळा करणे शक्य नसते. पाच-दहा मिनिटांत काही प्रश्न विचारले जातात व काही राहून जातात. कोणते प्रश्न विचारले गेले यावरच पुढील अनुमान उभे राहते. म्हणून माहिती कशी निवडली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

मनाचा कल

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस अंक आहे. समोर दिसतात ते असे: एक स्वर, एक व्यंजन, ४ आणि ७. नियम असा: एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो. हा नियम खरा की खोटा हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत?

बहुतेक जण स्वर आणि ४ हे पत्ते निवडतात. योग्य उत्तर स्वर आणि ७ हे आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. सुशिक्षितांमध्येही दहांत एखाद्यालाच हे उत्तर साधते. नियमाशी जुळणारे शोधण्याकडे मनाचा कल असतो. नियम खोटा ठरवू शकेल असे पाहण्याकडे तो नसतो.

१९७९ मध्ये डोहर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या जवळचा दुसरा दोष दाखविला. एक प्राचीन भांडे दोन बेटांपैकी कोणत्या बेटावरचे, हे ठरवायचे होते. बहुतेकांनी आपल्या मनातील एकाच बेटाविषयी माहिती मागितली. तेच लक्षण दुसऱ्या बेटावरील भांड्यांत किती आढळते, हे त्यांनी विचारलेच नाही. तुलनेवाचून ती माहिती निरुपयोगी होती.

चिकित्सालयातील उदाहरण

संधिशूलाचा रुग्ण घ्या. मनात आमवाताची शंका आली की सांधे दुखतात का, सूज आहे का, हालचालीने त्रास वाढतो का, असे प्रश्न ओघाने येतात. सर्वांची उत्तरे होकारार्थी मिळतात व निदान पक्के झाल्यासारखे वाटते. परंतु ही तिन्ही लक्षणे संधिगत वातातही आढळतात. म्हणजे तीन प्रश्न विचारूनही सापेक्ष निदान जागचे हललेले नाही.

याउलट ज्वर, अरुचि, अंगगौरव, अपाक आहे का. तेलाच्या अभ्यंगाने बरे वाटते की वेदना वाढते. वाळूच्या पुरचुंडीने रूक्ष शेक दिल्यास काय होते, हे प्रश्न दोन व्याधींना वेगळे करतात. सामावस्थेतील आमवातात स्नेहनाने त्रास वाढतो, तर संधिगत वातात स्नेहनाने उपशय मिळतो. आरंभ हातापायांच्या मुळाशी झाला का व दाह आहे का, हे विचारले की वातरक्तही विचारात येते. ज्याचे लक्षण गूढ आहे असा व्याधी उपशय-अनुपशयाने ओळखावा, हा चरकोक्त उपदेश नेमका येथे उपयोगी पडतो.

ऊरुस्तंभाचे वर्णनही याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. केवळ वातव्याधी समजून स्नेहन केल्यास ऊरुस्तंभ बळावतो, असा स्पष्ट इशारा ग्रंथात आहे. जुळणाऱ्या लक्षणांवर विसंबून केलेल्या उपचाराची किंमत रुग्ण मोजतो.

प्रयोगशाळेच्या अहवालासही हाच न्याय लागू आहे. आर. ए. फॅक्टर काही निरोगी वृद्धांत व इतर व्याधींतही आढळतो, तर संधिवाताभाच्या काही रुग्णांत आढळत नाही. म्हणून तो एकटा निर्णायक मानू नये.

औषधी दुकानातील उदाहरण

दारुहरिद्रेच्या नावाने बाजारात झाडी हळदही येते. पिवळा रंग पाहून माल घेतला तर फसगत होते, कारण दोन्ही काष्ठे पिवळी असतात. बर्बेरिन आहे की नाही एवढेच तपासले तरी उपयोग नाही, कारण ते दोहोंत असते. भेद कळतो तो काष्ठाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. माल तपासताना ‘हे लक्षण खऱ्या द्रव्यात आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘भेसळीच्या द्रव्यात हे नाही ना’ हेही विचारावे.

एखाद्या कल्पाची कीर्तीही अशीच तपासावी. गुण आलेला ग्राहक पुन्हा येऊन सांगतो. गुण न आलेला दुसरीकडे जातो, तो आपल्या गणतीत येत नाही. प्रतिश्याय तर बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआपही शमतो. म्हणून औषध घेऊन बरे झालेले, घेऊनही बरे न झालेले, न घेता बरे झालेले आणि न घेता तसेच राहिलेले, असे चारही गट पाहिल्यावाचून गुणाविषयी निर्णय करू नये.

आचरणासाठी तीन सूचना

१. पहिली शंका येताच केसपेपरवर दुसऱ्या एका संभाव्य व्याधीचे नावही लिहावे.

२. प्रत्येक प्रश्नापूर्वी पाहावे: उत्तर होय आले अथवा नाही आले, तर आपला निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर तो प्रश्न मागे ठेवून भेद करणारा प्रश्न आधी घ्यावा.

३. पुनर्भेटीस न आलेल्या रुग्णांची महिन्यातून एकदा यादी करून दूरध्वनीने विचारपूस करावी व उत्तर नोंदवावे.

आधी रोगपरीक्षण, नंतर औषध व त्यानंतर कर्म हा क्रम आपण सारे मानतो. त्या परीक्षणात भेद करणाऱ्या प्रश्नास अग्रस्थान द्यावे, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे. वरील तिसऱ्या सूचनेनुसार एका त्रैमासिकाच्या नोंदी सभासदांनी ठेवल्यास शाखेच्या बैठकीत त्यांवर साधार चर्चा होऊ शकेल.