गुप्तहेरनायकाचे माध्यमांतर : शेरलॉक होम्स आणि फास्टर फेणे

साहित्यकृतीवरून मालिका अथवा चित्रपट तयार होतो तेव्हा मूळ कृतीशी तो कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न समीक्षेत बहुधा प्रथम विचारला जातो. गुप्तहेरकथेच्या संदर्भात मात्र हा निकष अपुरा पडतो. या कथाप्रकारात पुरावा म्हणून येणारी वस्तू आपल्या काळाशी बांधलेली असते. त्या वस्तूवरून काढलेले अनुमान मात्र तर्काशी बांधलेले असते. काळ बदलला की वस्तू बदलणे अपरिहार्य ठरते. तेव्हा मूळ घटकाचे कथेतील कार्य नव्या रूपात टिकले आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

काळ न बदलता केलेली रूपांतरे येथे प्रथम बाजूस ठेवावयास हवीत. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) ही दूरदर्शनवरील हिंदी मालिका या वर्गातील होय. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या सत्यान्वेषी नायकाला तिने त्याच्या जुन्या कलकत्त्यातच ठेवले.

याउलट बीबीसीच्या ‘शेरलॉक’ (२०१० ते २०१७) या मालिकेने होम्सला एकविसाव्या शतकातील लंडनमध्ये आणले. कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीत होम्स वॉटसनच्या घड्याळावरील ओरखड्यांवरून त्याच्या थोरल्या भावाच्या मद्यपानाचे अनुमान करतो. मालिकेत घड्याळाच्या जागी भ्रमणध्वनी येतो. किल्लीच्या छिद्राभोवतीचे ओरखडे आता विद्युतभाराच्या खाचेभोवती दिसतात. वस्तू बदलली, अनुमानाची रीत टिकली. शिवाय मालिका येथे एक पाऊल पुढे जाते : ज्याला शेरलॉक भाऊ समजतो ती वॉटसनची बहीण निघते. मूळ कथा जाणणारा प्रेक्षकही त्यामुळे नव्याने सावध होतो. गुप्तहेरकथेला आवश्यक असलेली अनिश्चितता परिचित कथेतही कशी जिवंत ठेवता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठीत या प्रश्नाचा विचार भा. रा. भागवत (१९१० ते २००१) यांच्या फास्टर फेणेच्या आधारे करता येतो. फुरसुंगीचा बनेश फेणे हा पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा. होम्सप्रमाणे तो सल्लागार गुप्तहेर नाही. त्याच्याकडे ना पद, ना अधिकार. मोठ्यांच्या जगात मुलाचे म्हणणे सहसा गांभीर्याने घेतले जात नाही. सायकल, चपळ पाय आणि उघडे डोळे हीच त्याची साधने. त्याचे शाळकरी वय म्हणजे केवळ बाह्य तपशील नव्हे, ते या कथांचे रचनातत्त्व आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या मालिकेत सुमीत राघवन या बालकलाकाराने ही भूमिका केली. साहजिकच हे तत्त्व तेथे अबाधित राहिले.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ (२०१७) या चित्रपटात नायक वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसणारा तरुण झाला. भूमिका अमेय वाघ यांनी केली. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू ही आत्महत्या नसावी, या संशयातून तपास सुरू होतो. येथे मोठी माणसे विरुद्ध मूल या विरोधाची जागा व्यवस्था विरुद्ध विद्यार्थी या विरोधाने घेतली आहे. अधिकारहीन नायकाने सत्याचा पाठपुरावा करणे हे कार्य त्यामुळे टिकते. प्रत्यक्ष भागवतांनाच पात्र म्हणून आणल्याने (भूमिका : दिलीप प्रभावळकर) निर्मितिपरंपरेचे ऋणही मान्य होते.

तरीही एक हानी नाकारता येत नाही. शेरलॉकच्या स्थलांतरात त्याचा वाचकवर्ग हिरावला गेला नाही. फास्टर मोठा झाला तेव्हा मात्र त्याच्या वयाच्या वाचकाने आपला प्रतिनिधी गमावला. चित्रपट म्हणून ही कृती यशस्वी मानली तरी बालसाहित्याच्या दृष्टीने हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून माध्यमांतराच्या अभ्यासात ‘काय बदलले?’ एवढे नोंदवून थांबता येणार नाही. बदललेल्या घटकाचे कार्य कोणते होते आणि ते कोणासाठी होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अभ्यासकाने शोधावयास हवीत.