‘कैरोस’ : अर्थ आणि व्याकरण

मराठीत ‘वेळ’ या शब्दाचे लिंग अर्थाबरोबर बदलते. ‘वेळ आली’ यात तो स्त्रीलिंगी असून नेमका क्षण दाखवतो; ‘वेळ लागला’ यात पुल्लिंगी असून अवधी दाखवतो. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये अशी खूण नाही. ‘ख्रोनोस’ आणि ‘कैरोस’ हे दोन्ही कालवाचक शब्द पुल्लिंगी आहेत व विभक्तीत सारखेच चालतात.

‘ख्रोनोस म्हणजे मोजता येणारा काळ, कैरोस म्हणजे ईश्वराने नेमलेली घटका’ असा नियम पुष्कळदा शिकवला जातो. प्रयोग तपासले की तो टिकत नाही. मार्क 11:13 मध्ये कैरोसला ‘अंजीर’ या नामाची षष्ठी जोडली आहे. अर्थ साधा, अंजिरांचा हंगाम. लूक 8:13 मध्ये ‘प्रोस’ या अव्ययापुढे कैरोसची द्वितीया येते आणि ‘थोड्या काळापुरते’ असा अवधी कळतो. मार्क 1:15 मध्ये ‘पूर्ण होणे’ हे क्रियापद कैरोसला लागते. गलतीकरांस पत्र 4:4 मध्ये त्याच धातूशी संबंधित नाम ख्रोनोसला जोडलेले आहे.

जेम्स बार यांनी 1962 साली ‘बिब्लिकल वर्ड्‌स फॉर टाइम’ या ग्रंथात हीच सावधगिरी सुचवली होती : अर्थ सुट्या शब्दात नव्हे, वाक्यात शोधावा.

म्हणून अनुवादकाने कैरोस दिसताच ‘सुवर्णसंधी’ लिहू नये. विभक्ती, सोबतचे पद आणि क्रियापद पाहून हंगाम, अवधी किंवा घटका यांतून निवड करावी. एरवी मूळ लेखकाने न मांडलेले तत्त्वज्ञान त्याच्या नावावर चढते.