बेडकाच्या पिलाची शेपटी कोठे जाते?

पावसाळ्यात डबक्यांतून वळवळणारी बेडकाची शेपटीवाली पिले आमच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळदा पाहिली असतील. यथाकाळ त्यांना पाय फुटतात, शेपटी आखूड होत जाते, आणि अखेर शेपटीवाचून बेडूक काठावर उडी घेतो. ही शेपटी गळून पडत नाही. ती जागच्या जागी विरून जाते. ती कशी विरते, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातच आपल्या जखमा कशा भरतात आणि कर्करोग शरीरात कसा पसरतो, यांचेही मर्म आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे वरच्या वर्गांतील मुलांस सांगावयास नको. परंतु पेशी म्हणजे नुसत्या रचून ठेवलेल्या विटा नव्हेत. कॅडहेरिन नावाची प्रथिने एका पेशीस शेजारच्या पेशीशी जोडून ठेवतात, तर इंटेग्रिन नावाची प्रथिने तिला भोवतालच्या तंतुमय जाळ्यात रोवून ठेवतात. या जाळ्यातील मुख्य तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे होत. कोलॅजेनचा रेणू तीन पदरांचा पीळ घातलेल्या दोरीसारखा असतो, व तो इतका चिवट असतो की सामान्य पाचक रस त्यास सहसा तोडू शकत नाहीत. मग शेपटीतील हे जाळे तोडतो कोण?

प्रथिने तोडणाऱ्या पदार्थांचा परिचय स्वयंपाकघरातही होतो. कच्ची पपई वाटून मांसास चोळून ठेविली म्हणजे ते लवकर शिजते. कारण तिच्या चिकातील पपेन नावाचे विकर मांसातील प्रथिनांचे तुकडे करते. तसेच एक विकर शेपटीत तयार होते, हे जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर या शास्त्रज्ञांनी १९६२ साली दाखवून दिले. शेपटीचे जिवंत तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या धूसर थरावर ठेविले. काही काळाने त्या तुकड्यांभोवतीचा थर विरघळून स्वच्छ झालेला दिसला. या विकरास कोलॅजिनेज म्हणतात. ते कोलॅजेनचा रेणू वाटेल तेथे तोडीत नाही. एका ठरावीक जागीच ते छेद घेते, आणि रेणूचे पाऊण व पाव असे दोन तुकडे होतात. पुढे ते तुकडे उलगडतात व इतर विकरे त्यांचा समाचार घेतात.

मनुष्याच्या शरीरात या कुळातील २३ विकरे आहेत. त्यांचे काम पाहावयाचे तर खेळताना फुटलेला गुडघा घ्यावा. जखमेच्या काठावरील त्वचेच्या पेशींस खालच्या उघड्या कोलॅजेनचा स्पर्श झाला की त्या कोलॅजिनेज निर्माण करू लागतात. भातखाचरात चालणाऱ्यास पाय रोवल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि रुतलेला पाय उपटल्यावाचूनही जाता येत नाही. पेशीची स्थितीही तशीच आहे. ती कोलॅजेनला घट्ट धरते, मग विकराने मागची पकड सैल करते, आणि पुढे सरकते. दुसऱ्या एका कुळातील विकर कॅडहेरिनला छेद देऊन पेशीपेशींतील बंधही सैल करते. जखम झाकली गेली म्हणजे कोलॅजिनेजची निर्मिती थांबते.

हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. म्हणूनच ही विकरे प्रथम निष्क्रिय रूपात तयार होतात. त्यांच्या कार्यस्थानी जस्ताचा जो अणू असतो, त्यावर एक झाकण असते, व ते दूर झाल्यावरच काम सुरू होते. शिवाय त्यांस आवर घालणारी चार प्रथिने शरीरात असतात. हा आवर सुटला, तर संधिवातात सांध्यांतील कूर्चा झिजते, आणि कर्करोगाच्या पेशी जाळे तोडून दूरच्या अवयवांत जाऊन बसतात.

तर मग ही विकरे औषधाने बंद पाडावीत, असे कोणासही वाटेल. १९९० नंतरच्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी औषधे देऊन तसे प्रयत्न झाले. परंतु रोग्यांचे आयुष्य अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, आणि पुष्कळांचे सांधे दुखू लागले. ही औषधे एकाच वेळी अनेक विकरांस रोखीत होती. त्यांपैकी काही तर शरीराचे रक्षण करणारी होती, असे पुढे कळून आले. कोणते विकर, कोठे आणि केव्हा रोखावयाचे, हे ओळखणे हाच खरा कठीण भाग आहे.

यातून विद्यार्थ्यांनी व पालकांनी दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात धराव्यात. जखमेवरील खपली ओढून काढू नये; तिच्याखाली नव्या पेशी वाट काढीत असतात, व खपलीबरोबर त्याही उपटल्या जातात. तसेच घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांच्या पायास झालेली लहानशी जखमही हयगय न करता वैद्यकीय तज्ज्ञास दाखवावी. अशा न भरणाऱ्या जखमांत हीच विकरे बहुधा प्रमाणाबाहेर आढळतात; नवे जाळे विणले जाते न जाते तोच ते तोडले जाते, आणि पेशींस पाय टेकण्यास जागाच उरत नाही.