पुरस्कार कुणाच्या नावावर? ‘द व्हाइट स्ट्राइप्स’चा एक छोटा अभ्यास

पुस्तकावर ‘पुरस्कारप्राप्त’ असं छापलेलं दिसलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. पण तो पुरस्कार नेमका कशाला दिलेला असतो? हा प्रश्न मला एका रॉक बँडमुळे पडला.

‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा १९९७ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात सुरू झालेला बँड. माणसं दोनच. जॅक व्हाइट गिटार वाजवायचा आणि गायचा, मेग व्हाइट ड्रम्सवर. त्यांच्या ‘एलिफंट’ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह अल्बमचा ग्रॅमी मिळाला. २००६ आणि २००८ मध्येही त्यांच्या अल्बमना हाच मान मिळाला.

२००४ मध्येच ‘सेव्हन नेशन आर्मी’ सर्वोत्कृष्ट रॉक गाणं ठरलं. आता बारकावा बघा. हा ग्रॅमी गाणं रचणाऱ्याला देतात. रचना जॅकची, म्हणून नाव फक्त जॅकचं.

पण गाणं लावून ऐका. सुरुवातीची धून बास गिटारची वाटते; खरं तर ती साधी गिटारच आहे, पेडल वापरून एक सप्तक खाली उतरवलेली. तिच्याखाली मेगचा एकसारखा, ठाम ठोका. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात इटलीच्या चाहत्यांनी हीच धून स्टेडियममध्ये गायली. गर्दीला पाय आपटायला तसाच ठोका लागतो.

मेग फारच सोपं वाजवते, अशी टीका तिच्यावर सतत झाली. मी चर्चच्या क्वायरला काहोनवर साथ करते. ‘तू काय, नुसता ठेका धरतेस’ हे मीही ऐकून घेतलंय. त्यामुळे माझं मत थोडं मेगच्या बाजूचं असणारच.

२००८ मध्ये ‘इकी थंप’ या गाण्याला सादरीकरणाचा ग्रॅमी मिळाला, तो दोघांचा. बँड २०११ मध्ये थांबला. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने दोघांनाही मान दिला. मेग त्या सोहळ्याला आली नव्हती.

साहित्यातही असंच घडतं. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार आधीपासून होता. अनुवादासाठी वेगळा पुरस्कार १९८९ मध्ये आला. तोवर अनुवादक काम करत नव्हते थोडेच!

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी ‘पुरस्कारप्राप्त’ दिसलं की तीन प्रश्न वहीत लिहा. कोणी दिला? कोणत्या विभागात दिला? आणि त्या विभागात कोणाचं काम मोजलंच गेलं नाही?