प्रोजेक्टमधली जेआरएफ घेण्याआधी

आमचे सर आता म्हणतात, "पीएच.डी.चा शब्द मी तुला कधी दिला?" दिला होता, आणि तोही मुलाखतीत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर. "प्रोजेक्टवर रुजू हो, नोंदणी होऊन जाईल."

काम थिन फिल्मचं. स्पटरिंगच्या यंत्रात व्हॅक्यूम टिकत नव्हता. गळती शोधणं, ओ-रिंग बदलणं, पंपाचं तेल बदलणं हे सगळं माझ्याच गळ्यात. पेपरवर मात्र माझं नाव शेवटून दुसरं. नोंदणीचं विचारलं की "आरआरसीची बैठक होऊ दे", नंतर "एखादी जागा रिकामी होऊ दे".

मानधन रखडलं म्हणून अकाउंट्समध्ये गेलो, तर क्लार्कनं फाईलच पुढ्यात ठेवली. मंजुरीपत्रावरची तारीख वाचून डोकं सणकलं. तीन वर्षांच्या प्रोजेक्टचा निम्म्याहून जास्त काळ मी येण्याआधीच सरला होता. पुढे कळलं की सरांकडे जागाही नव्हती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहाच विद्यार्थी घेता येतात आणि ते सहा आधीच भरलेले. म्हणजे मला घेतानाच सरांना सगळं ठाऊक होतं! जाब विचारला तर चष्मा पुसत म्हणाले, "अनुभव तर मिळाला ना?" त्या अनुभवावर घरभाडं भागत नाही, सर. नोंदणी नसल्यामुळे सारथीच्या फेलोशिपचा अर्जही करता आला नाही. बार्टी आणि महाज्योतीचंही तसंच, आधी नोंदणी दाखवा.

नेट देऊन मिळवलेली सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ तुमच्या नावावर असते. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झालात की ४२,०००, घरभाडं वेगळं, एकूण पाच वर्षं. प्रोजेक्टची जेआरएफ प्रोजेक्टबरोबरच संपते. त्यामुळे मुलाखतीत तुम्हीच विचारा: मंजुरी कधीची, पैसे कधीपर्यंत, तुमच्याकडे जागा आहे का? आणि उत्तर ईमेलवर घ्या. गाईडची निवृत्ती तीन वर्षांच्या आत असेल तर त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेही पाहून ठेवा. लॅबमधल्या सीनियरला एकट्याला गाठून चहा पाजा. गाईडसमोर कुणी खरं बोलत नाही.

फिजिक्सवाल्यांनी जेस्ट द्यावीच. चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था त्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. मटेरियल्सकडे जायचं तर गेट द्या, स्कोअर तीन वर्षं चालतो. बाकी अभ्यास करा, तब्येत सांभाळा, हे सांगायला सगळेच असतात.

त्याच लॅबची नवी जाहिरात आली आहे. पद एक, मुदत "प्रोजेक्ट संपेपर्यंत". अर्ज करणार असाल तर आधी मंजुरीपत्राची तारीख मागा.