प्रवरेकाठच्या घळी

नाशिकहून पुण्याच्या वाटेने सिन्नर ओलांडून संगमनेरास गेले, की प्रवरा नदी लागते. तिच्या तीरांवर कित्येक ठिकाणी सपाट शेत एकाएकी संपते आणि पायांपुढे खोल घळ उघडते. एका घळीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी. मध्ये मातीचे उभे कडे तेवढे उरतात. अशा भूमीस भूगोलात उत्खातभूमी म्हणतात. चंबळेच्या खोऱ्यातील विस्तीर्ण घळी याच जातीच्या आहेत.

महाराष्ट्राचा काळा पाषाण एवढा कठीण. मग येथे जमीन अशी फाटली कशी? नदीकाठी त्या पाषाणावर गाळाचा जाड थर आहे. सह्याद्रीतून येणाऱ्या प्रवरेने तो हजारो वर्षे आणून पसरला. पुढे नदीने आपले पात्र खोल खोदले व काठ उंच राहिले. त्यामुळे पावसाचे पाणी काठावरून वेगाने खाली धावू लागले. हा प्रदेश पर्जन्यछायेचा. उन्हाळ्यात गवत वाळून माती उघडी पडते. तिच्यावर वळवाची सर कोसळली, की आधी बोटभर ओघळ पडतो. वर्षानुवर्षांनी त्याचीच घळ होते आणि तिचे वरचे टोक शेतात आत आत सरकत जाते.

शेतकऱ्याची वैरीण असलेली ही घळ अभ्यासकास मात्र उपकारक ठरते. तिच्या कड्यात गोटे, वाळू व चिकण माती यांचे थर एकावर एक दिसतात. गोटे ही वेगवान प्रवाहाची खूण. बारीक माती ही संथ पाण्याची. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या अशाच थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. काळी नक्षी काढलेल्या तांबड्या मडक्यांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा पत्ता लागला. त्या संस्कृतीस जोर्वे हेच नाव मिळाले.

आज यंत्रांनी अनेक घळी बुजवून तेथे शेती केली जाते. अन्नासाठी जमीन हवीच. परंतु घळ बुजली, तरी पाण्याची ओढ बुजत नाही. वर बांध व गवत नसेल, तर ओघळ पुन्हा पडतो. शिवाय सपाटीपूर्वी थर पाहून ठेवले नाहीत, तर भूमीच्या इतिहासाचे ते पान कायमचे पुसले जाते. म्हणून शहाणा शेतकरी बोटभर ओघळ दिसताच तेथे दगड रचतो. पुरुषभर घळ झाल्यावर सारे गाव राबले, तरी अपुरे पडते.