२२ मिनिटांच्या हशाचं परीक्षण कशाला?

प्रश्न : माझी पुतणी 'द ऑफिस' ही जुनी अमेरिकन मालिका पुन्हा पुन्हा बघते. तेवढ्यावर भागत नाही म्हणून तिच्या एकेका भागावर लिहिलेली परीक्षणंही वाचते. नाटक-सिनेमाचं परीक्षण मी समजू शकतो. पण ऑफिसात घडणाऱ्या विनोदी मालिकेचा २२ मिनिटांचा एक भाग! हसू आलं तर चांगला, नाही आलं तर वाईट. त्यावर पानभर लिहिण्यासारखं असतं तरी काय?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. खरं सांगायचं तर अशी पुष्कळ परीक्षणं वाचायच्या लायकीची नसतातच. निम्मी जागा गोष्ट सांगण्यात जाते, मग 'धमाल', 'खुसखुशीत' अशी ठेवणीतली विशेषणं येतात आणि शेवटी पाचपैकी साडेतीन तारे. पण 'हसू आलं तर चांगला' ही तुमची कसोटी या मालिकेला लावून बघा, लगेच पंचाईत होईल. तिच्या सगळ्यात गाजलेल्या भागांपैकी काही असे आहेत की हसण्यापेक्षा उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

मूळ मालिका ब्रिटिश. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली, बीबीसीवर २००१ मध्ये सुरू झालेली. सहा-सहा भागांचे दोन हंगाम, वर नाताळचा विशेष कार्यक्रम, आणि २००३ मध्ये दुकान बंद. ग्रेग डॅनियल्स यांनी तिचा अमेरिकन अवतार एनबीसीवर आणला. तो २००५ ते २०१३ असा नऊ हंगाम चालला, भाग झाले २०१. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्क्रँटन हे गाव, कागद विकणारी डंडर मिफ्लिन कंपनी आणि स्वतःला जगातला सर्वोत्तम साहेब समजणारा मॅनेजर मायकल स्कॉट. ही भूमिका स्टीव्ह करेल यांची. कोणीतरी या ऑफिसावर माहितीपट काढतंय, अशी कल्पना. म्हणून कॅमेरा सतत आसपास घुटमळतो आणि मागे हशाची ध्वनिफीत नाही. कुठे हसायचं ते कोणी सांगत नाही, तेव्हा कुठे हसलो आणि का हसलो हे ज्याचं त्याने शोधायचं. परीक्षकाचं काम इथून सुरू होतं.

चौथ्या हंगामातला 'डिनर पार्टी' हा भाग घ्या. अमेरिकेतला लेखकांचा संप फेब्रुवारी २००८ मध्ये मिटला, त्यानंतर १० एप्रिलला दाखवलेला मालिकेचा हा पहिलाच भाग. गोष्ट दोन ओळींची आहे : मायकल आणि त्याची मैत्रीण जॅन चार जणांना घरी जेवायला बोलावतात, पाहुण्यांसमोर दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, पाहुणे काढता पाय घेतात. एवढं सांगून काय सांगितलं? काहीच नाही.

आता जरा जवळून बघू. जिम आणि पॅम हे तरुण जोडपं या आमंत्रणाला कितीतरी दिवस हुलकावणी देतंय. मग मायकल एक युक्ती काढतो. आज सगळ्यांनी उशिरापर्यंत थांबायचंय असं खोटंच काम काढतो, संध्याकाळी कोणाचा काही बेत उरला नाही याची खात्री करतो, आणि मग ते काम रद्द झाल्याचं सांगून जिमला विचारतो, आता येणार ना? जिमची सबब संपली. घरी गेल्यावर मायकल भिंतीवरचा टीव्ही अभिमानाने दाखवतो. टीव्ही जेमतेम ताटाएवढा. शयनगृहात पलंगाच्या पायथ्याशी अरुंद बाक आहे, मायकल त्यावर झोपतो. हे तो कुरकुरत नाही सांगत. घर दाखवता दाखवता, यात विशेष काहीच नाही अशा थाटात सांगून जातो. जेवण मात्र लवकर येतच नाही, कारण जॅनने मांस आत्ता कुठे ओव्हनमध्ये ठेवलंय आणि ते शिजायला काही तास हवेत.

आता सांगा, हा भाग ऑफिसचा की घराचा? ऑफिसातली टेबलं-खुर्च्या सुरुवातीलाच मागे पडतात. तरीही माझ्या मते हा या मालिकेतला सगळ्यात अस्सल ऑफिसचा भाग आहे. जिम आणि पॅम त्या सोफ्यावरून उठत का नाहीत? उद्या सकाळी याच माणसासमोर रजेचा अर्ज ठेवायचाय म्हणून. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, साहेबाकडच्या सत्यनारायणाला वेळ काढून जाणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. कार्यालयीन विनोदाचं सगळं इंजिन यावर चालतं : माणसं एकमेकांना निवडत नाहीत आणि पगारापायी उठूनही जाऊ शकत नाहीत. परीक्षकाने भागाला विचारायचा पहिला प्रश्न तोच. या माणसांना इथे काय बांधून ठेवतंय, आणि ती दोरी आज किती ताणली गेली? विनोद किती झाले हे मोजणं त्यानंतरचं.

हाच प्रश्न सहाव्या हंगामातल्या 'स्कॉट्स टॉट्स'ला लावा. हा भाग बघवत नाही म्हणणारे चाहते शेकड्यांनी सापडतील. दहा वर्षांपूर्वी मायकलने तिसरीच्या एका वर्गाला शब्द दिलेला असतो की तुम्ही शाळा पूर्ण करा, कॉलेजची फी मी भरतो. मुलं आता शाळा संपवतायत. मायकलकडे पैसे नाहीत. मुलं त्याच्या सन्मानार्थ गाणं-नाच बसवून वाट बघतायत, आणि तो फीऐवजी त्यांना लॅपटॉपच्या बॅटऱ्या देऊ करतो. लॅपटॉप नाही, नुसत्या बॅटऱ्या. अंगावर काटा येतो म्हणून भाग वाईट, असं लिहिणारा परीक्षक मला कच्चा वाटतो. काटा यावा म्हणूनच तो लिहिलाय, आणि परतीच्या वाटेवर एरिन ही भाबडी रिसेप्शनिस्ट मायकलला जे सांगते त्याने त्या खोट्या शब्दाची दुसरी बाजूही दिसते : त्या आशेवर का होईना, या वर्गातली मुलं इतर वर्गांपेक्षा जास्त संख्येने शाळेत टिकली. भाग लंगडा पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तिकडे ऑफिसात जिमचा सहकारी ड्वाइट 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' या योजनेच्या आडून जिमला गोत्यात आणायचा कट रचतो, आवाज बदलून फोन करतो. हे उपकथानक इतकं ओढूनताणून आणलंय की मुख्य कथेची धार बोथट होते. एकाच २२ मिनिटांत एक धागा उत्तम आणि दुसरा टाकाऊ, हे ताऱ्यांत कसं सांगणार? त्यासाठी परिच्छेद लागतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. या मालिकेचे छायाचित्रकार रँडल आइनहॉर्न रिअॅलिटी शोच्या दुनियेतून आलेले. त्यामुळे कॅमेरा दाराच्या फटीतून बघतो, पडद्याच्या पट्ट्यांआडून डोकावतो, थोडा उशिरा वळतो. कोणाला तो आहे हे माहीत असतं, कोणी विसरलेलं असतं, आणि पुष्कळदा विनोद या फरकातच असतो. जिम कॅमेऱ्याकडे टाकतो ती प्रसिद्ध नजर सुरुवातीच्या हंगामांत प्रेक्षकाला साक्षीला बोलावते. पुढेपुढे तिची सवय झाली. संवाद सुचला नाही की नजर, असा मामला. हे एकदा ध्यानात आलं की जुने-नवे भाग शेजारी ठेवून बोलता येतं.

मालिकेचा भाग एकटा येत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकन मालिकेचा पहिला भाग जवळजवळ ब्रिटिश संहितेवरून उतरवलेला आहे आणि तो थंड वाटतो. दुसऱ्या हंगामापर्यंत लेखकांनी मायकलला मऊ केलं, त्याला अधूनमधून खरोखर चांगला विक्रेता दाखवलं, आणि मालिकेला स्वतःचा सूर सापडला. हे वळण कोणत्या भागात आलं हे दाखवून देणारं परीक्षण वाचकाच्या कामाचं. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह जेम्स १९७२ पासून दहा वर्षं 'ऑब्झर्व्हर'मध्ये टीव्हीवर साप्ताहिक स्तंभ लिहीत होते, पण ते सगळ्या आठवड्याचा समाचार घेत. एकाच मालिकेचा भागामागून भाग तपासण्याची सवय अमेरिकेत ॲलन सेपिनवॉल यांच्यासारख्यांनी रुजवली. वर्तमानपत्रात नोकरी लागण्याच्या आधीपासून, कॉलेजात असतानाच ते एका पोलीस मालिकेच्या भागांवर असं लिहीत.

तुमच्या पुतणीला तिसऱ्या हंगामातल्या 'दिवाळी' या भागाबद्दल जरूर विचारा. तो मिंडी केलिंग यांनी लिहिला. मालिकेतली केली कपूरही त्याच, आणि पडद्यावरचे केलीचे आईवडील हे त्यांचे खरे आईवडील. करंज्या-चकल्या शोधत बसू नका, तिथे सामोसे आहेत, आणि मायकल त्यात चॉकलेट शोधतोय. भारतीय प्रेक्षकाला खटकण्यासारखं बरंच काही आहे, पण हसं होतं ते सणाचं नव्हे, न कळता उत्साह दाखवणाऱ्या साहेबाचं. दोन्हींतला फरक भारतीय परीक्षक अधिक नेमका सांगू शकेल.

आपल्याकडची 'ऑफिस ऑफिस' तुम्ही पाहिली असेलच. सब टीव्हीवर २००१ मध्ये आलेली, पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल आणि आसावरी जोशी यांच्या उषा मॅडम असलेली. बांधून ठेवणाऱ्या दोरीचा वरचा प्रश्न तिला लागू पडत नाही. तिथे कॅमेरा काउंटरच्या अलीकडे, खेटे घालणाऱ्या माणसाजवळ उभा आहे. दर भागात खातं बदलतं, अडवणूक करणारी माणसं तीच. म्हणून तिच्या भागात बघायचं ते एवढंच, की या वेळची टोलवाटोलवी नवी आहे का. माझ्या मते बऱ्याचदा ती नवी नसे आणि पंकज कपूर यांच्या चेहऱ्यावर भाग तरून जाई.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पहिल्या हंगामापासून करू नका, दुसऱ्यापासून करा. 'डिनर पार्टी'पर्यंत पोचलात की तो पुतणीबरोबर बघा, आणि परीक्षण आधी वाचू नका. भाग बघून तुमचं मत ठरवा, मग तिच्याकडून मागून घ्या.